आबाळ की हेळसांड?

मराठी नियतकालिकांचे दिवाळी अंक आणि आपल्या समाजातील नाताळ अंक नित्यनेमाने वाचणाऱ्या वाचकाला एक कथा तोंडपाठ झालेली असते. एक मोटार फाटकाशी थांबते. मुलगा डिकीतून सुटकेस उतरवतो, सून गाडीतच बसून राहते. कचेरीत अर्ज भरला जातो, अनामत रक्कम मोजली जाते, आणि म्हातारी आई व्हरांड्यातून वळून पाहते तेव्हा रस्त्यावर धुरळा तेवढा उरलेला असतो. येथे कथा संपते. लेखकाचे नाव आणि गावाचे नाव बदलते. फाटक बदलत नाही. मी स्वतः अशा दोन कथा लिहिल्या आहेत आणि त्यांतील एकीला बक्षीसही मिळाले आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

माझी एक भाची मेलबर्नला वृद्धसेवागृहात परिचारिका आहे. सुटीवर आली असता तिने ती बक्षीसपात्र कथा वाचली आणि अंक मिटवून विचारले, "मामा, तुमच्या गोष्टीत नर्स कुठे आहे?" प्रश्न साधा होता, पण त्याने मला निरुत्तर केले. जाताना तिने एक सरकारी अहवाल वाचायला सुचवला. सरकारी अहवाल हा वाङ्मयप्रकार नव्हे, अशी माझी समजूत होती. या लेखाचा विषय ती समजूत कशी ढळली, हा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने वृद्धांच्या सेवेची गुणवत्ता व सुरक्षितता या विषयावर ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जो अंतरिम अहवाल सादर केला, त्याच्या तीन खंडांचे शीर्षक एकाच शब्दाचे आहे : 'निग्लेक्ट'. सरकारी दप्तरात इतके उघडेवाघडे शीर्षक विरळाच. त्याचा मराठी पर्याय शोधताना मी बराच वेळ थबकलो. 'दुर्लक्ष' हा शब्द सौम्य आहे. ते चुकूनही होते. 'उपेक्षा' साहित्यिक आहे. घरगुती मराठीत याच अर्थाचे दोन शब्द आहेत, आबाळ आणि हेळसांड, आणि त्यांच्यातला भेद व्याकरणाचा आहे. आबाळ बहुधा 'होते'. आईविना लेकरांची आबाळ होते, परगावी जेवणाची आबाळ होते. तिथे कर्ता शोधावा लागत नाही. हेळसांड मात्र कोणीतरी 'केलेली' असते. 'हेळसांड झाली' असे म्हटले तरी 'कोणी केली?' हा प्रश्न पाठोपाठ येतोच. आपल्या साहित्याने वृद्धांची आबाळ रंगवली आणि या अहवालाने हेळसांड नोंदवली, असे माझे मत आहे.

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम रंगभूमीवर आले. अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांच्या हवाली करतात आणि मग मुलाच्या व मुलीच्या घरी पाहुण्याहूनही परके होतात. मागे शेक्सपिअरचा लिअर उभा आहे, हे उघड आहे. लिअरप्रमाणेच येथेही न्यायासनासमोर अपत्ये उभी आहेत. पुढे १९७३ च्या सुमारास जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने हा आरोप अधिक हळुवार केला. नाना आणि नानी यांचा मुलगा अमेरिकेत आहे. तो दुष्ट नाही, दूर आहे. दळवींची ही सूक्ष्म जाण मला शिरवाडकरांच्या वक्तृत्वापेक्षा अधिक टिकाऊ वाटते, जरी नाट्यगृहातील टाळ्या 'नटसम्राट'च्याच बाजूने पडतात. पण या दोन्ही नाटकांत संस्था नावाची गोष्टच नाही. वृद्ध आणि त्यांचे रक्त, एवढेच जग आहे. त्या काळी ते बव्हंशी खरेही होते. वसईच्या वाड्यांतून तेव्हा म्हातारी माणसे घरच्याच खाटेवर डोळे मिटत. वृद्धाश्रम ही शहरातली, निपुत्रिकांसाठी असलेली गोष्ट समजली जाई.

काळ बदलला, वृद्धाश्रम आले, परंतु साहित्याने आरोपी तोच ठेवला. 'नटसम्राट'नंतर तेहेतीस वर्षांनी, २००३ साली आलेल्या 'बागबान' या हिंदी चित्रपटात पुन्हा मुलांनाच शिक्षा सुनावली गेली आणि प्रेक्षकांनी डोळे पुसले. आपल्या कथांत वृद्धाश्रम ही मुलाच्या पापाची खूण होऊन बसला. खूण असल्यामुळे त्याच्या आत काय चालते, याची चौकशी करण्याचे कारण उरले नाही. तेथे उदास संध्याकाळ असते, एखादा समदुःखी वृद्ध असतो, तुळशीवृंदावन अथवा पवित्र मातेची मूर्ती असते. रात्री दोन वाजता शौचाला कोण नेते, जेवणात काय असते, औषधाच्या गोळ्या कोण मोजते, हे आम्ही लेखकांनी कधी पाहिले नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट मला अपवाद वाटतो. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. येथे काळजी घेणे हे काम म्हणून, अंगमेहनत म्हणून दिसते. घास भरवणारा हात पडद्यावर आला, हीच मोठी गोष्ट.

आता त्या अहवालाकडे वळतो. त्याचे मूळ ॲडलेड शहरातील ओकडेन या सरकारी वृद्ध-मनोरुग्णसेवागृहात आहे. २०१६ साली तेथील एका रहिवाशाच्या कुटुंबाने तक्रार केली : अंगावर काळेनिळे वळ, आणि ठरलेल्या मात्रेच्या दहापट औषध. एप्रिल २०१७ मध्ये राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आला आणि त्याच वर्षी ओकडेनचे दरवाजे बंद झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयुक्तांनी आपल्या अहवालाच्या शीर्षकातच या प्रकरणाला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील लज्जास्पद अध्याय म्हटले आणि पाच व्यक्ती व एक आरोग्ययंत्रणा यांना गैरकारभाराबद्दल जबाबदार धरले. या सगळ्यात एक तपशील असा आहे की, एखाद्या कादंबरीकाराने तो कल्पिला असता तर आम्ही समीक्षकांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. २०१६ च्याच आरंभी केंद्रीय तपासणी यंत्रणेने ओकडेनची पाहणी केली होती आणि गुणवत्तेच्या ४४ कसोट्यांपैकी ४४ कसोट्यांत ते उत्तीर्ण ठरले होते. तपासणी झाली नाही असे नाही. झाली, आणि कागद चोख होते.

त्यानंतर एबीसी या दूरचित्रवाणीने वृद्धसेवागृहांविषयी लोकांचे अनुभव मागवले, तेव्हा चार हजारांहून अधिक लोकांनी लिहिले. तो कार्यक्रम १७ सप्टेंबर २०१८ रोजी दाखवला जायचा होता. आदल्याच दिवशी पंतप्रधानांनी आयोगाची घोषणा केली. आयोगापुढे दहा हजारांवर निवेदने आली, सहाशेहून अधिक साक्षी झाल्या. पहिली साक्ष ओकडेनच्या त्या रहिवाशाच्या पत्नीची आणि मुलाची होती. जिचे कोणी ऐकले नव्हते तिलाच पहिल्यांदा बोलू द्यायचे, ही रचना करणाऱ्याला कथनाची जाण होती, यात मला शंका नाही.

साहित्याच्या दृष्टीने हेळसांडीची एक मोठी अडचण आहे. ती घटना नव्हे. ती घटनेचा अभाव आहे. घंटी वाजते आणि कोणी येत नाही. पाण्याचा पेला टेबलावर असतो, पण हाताच्या टप्प्यात नसतो. नाटकाला थप्पड दाखवता येते, न आलेले माणूस दाखवता येत नाही. म्हणून आपण थप्पड मारणारा मुलगा शोधला. अहवालाने ही अडचण आपल्या रूक्ष पद्धतीने सोडवली आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात एकेका सेवागृहाची, एकेका वृद्धाची हकिकत तारीखवार दिलेली आहे. कोणत्या दिवशी वजन घटल्याचे दिसले, ते कोणाला कळवले गेले, त्याने पुढे काय केले, घरच्यांना केव्हा सांगितले. कोणाला ठाऊक होते, केव्हापासून ठाऊक होते, आणि ठाऊक झाल्यावर त्याने काय केले : या तीन प्रश्नांवाचून तेथे एकही प्रकरण पुढे सरकत नाही. अश्रूंना आवाहन करणारी विशेषणे फारशी नाहीत. वाचता वाचता घसा दाटून येतो तो विशेषणांमुळे नव्हे, दोन तारखांमध्ये पडलेल्या अंतरामुळे.

काही गोष्टी मात्र आकड्यांनीच सांगाव्या लागतात. सेवागृहे एका रहिवाशाच्या अन्नपदार्थांवर दिवसाला सरासरी सहा डॉलरच्या आसपास खर्च करत होती. त्या देशात तेव्हा कॉफीच्या एका कपालाच चार-पाच डॉलर पडत. रहिवाशांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांना मनावर परिणाम करणारी औषधे नियमित दिली जात होती, आणि अशा औषधांचे स्पष्ट समर्थन होऊ शकेल अशी प्रकरणे सुमारे दहा टक्केच होती. म्हणजे म्हातारा शांत बसावा म्हणून त्याला गुंगीत ठेवले जात होते. हाताला दोरी नव्हती, म्हणून भेटीस आलेल्यांना ती दिसली नाही. डायपर मोजून दिले जात, दिवसाला ठरावीक, त्यावर मिळत नसत. घरीच राहून मदत मिळावी म्हणून अर्ज केलेले सोळा हजारांहून अधिक लोक २०१७-१८ या एका वर्षात आपली पाळी येण्यापूर्वीच वारले.

एक गोष्ट आपल्या वाचकांनी नीट वाचावी. ओकडेन सरकारी होते. त्या देशात वृद्धसेवागृहांतील निम्म्याहून अधिक जागा नफा न कमावणाऱ्या, धर्मादाय आणि धार्मिक संस्थांच्या आहेत, आणि आयोगाने त्यांनाही प्रश्न विचारले. खाजगी धंदेवाईकांनीच म्हाताऱ्यांचे हाल केले, ही सोयीस्कर समजूत अहवालात टिकत नाही. धर्मभगिनी चालवतात म्हणजे विचारायची गरज नाही, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मी अनेक धर्मभगिनींना वृद्धांची उष्टी-खरकटी प्रेमाने काढताना पाहिले आहे, आणि म्हणूनच म्हणतो, की त्यांच्या सेवेला आपल्या प्रश्नांपासून भय नाही. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात तो माणूस सराईवाल्याला दोन नाणी देतो, हे आपल्याला आठवते. पण परतीच्या वाटेवर मी पुन्हा येईन आणि अधिक खर्च झाला असल्यास देईन, असेही तो सांगतो. त्या सांगण्यात जखमी माणसाची पुन्हा चौकशी करण्याचा शब्द आहे. आपण नाण्यांवर प्रवचने ऐकली, परतीवर क्वचितच.

अहवालाचे दोषही सांगायला हवेत. पुष्कळ पाने कार्यालयीन भाषेच्या वाळूत रुतली आहेत. 'लज्जास्पद' म्हणण्याचे धैर्य जेथे आहे तेथेच पुढच्या परिच्छेदात 'प्रणालीगत आव्हाने' येतात, आणि हेळसांडीची पुन्हा आबाळ होते. कर्ता वाक्यातून निसटतो. १ मार्च २०२१ रोजी संसदेत मांडल्या गेलेल्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत. इतक्या शिफारशी वाचताना कोणती आधी आणि कोणती नंतर, हे सामान्य वाचकाला कळेनासे होते. शिवाय दोघा आयुक्तांचे महत्त्वाच्या प्रश्नावर एकमत झाले नाही : सरकारपासून स्वतंत्र आयोग नेमावा, असे एकाचे मत, सरकारनेच थेट जबाबदारी घ्यावी, असे दुसरीचे. दोघांनीही आपापले म्हणणे त्याच ग्रंथात छापले. राज्यकर्त्यांना यातून पळवाट मिळते, हा आक्षेप रास्त आहे. तरी एकाच ग्रंथाच्या दोन लेखकांनी वाचकासमोर मतभेद मांडावेत, ही प्रामाणिकपणाची खूण मला दुर्मीळ वाटते.

आणि अहवाल लिहिला जात असतानाच महासाथ आली. २०२० साली ऑस्ट्रेलियात कोविडने जे मृत्यू झाले त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वृद्धसेवागृहांतील होते. पुढे काही बदल झाले. गंभीर प्रसंग कळवण्याची सक्ती एप्रिल २०२१ पासून आली. जुलै २०२३ पासून सेवागृहात रात्रंदिवस नोंदणीकृत परिचारिका असणे बंधनकारक झाले. १९९७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. भाची म्हणते, कागद वाढले आणि माणसेही थोडी वाढली. तिच्या पाळीतील सोबतिणी केरळच्या, नेपाळच्या, फिलिपाइन्सच्या आहेत. स्वतःच्या आईबापांना मागे ठेवून परक्यांच्या आईबापांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या या मुलींवर मराठीत अजून कोणी कादंबरी लिहिली असल्यास माझ्या वाचनात आलेली नाही.

आपल्याकडच्या कायद्यातही मला साहित्याचीच छाया दिसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली आला. त्याचा मुख्य रोख मुले व नातेवाईक यांच्यावर आहे. चरितार्थासाठी महिना कमाल दहा हजार रुपये, आणि सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी निदान एक वृद्धाश्रम राज्याने उभारावा, असेही कलम आहे. पण खाजगी व धर्मादाय वृद्धाश्रमांना नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करण्याची तरतूद २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती, आणि ते विधेयक संमत न होताच २०२४ साली त्या लोकसभेबरोबर संपले. जणू 'नटसम्राट'चा प्रेक्षकच संसदेत बसला होता. मुलाला शिक्षा झाली की त्याचे समाधान होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. मुलांना सोडून संस्थेला पकडणे म्हणजे मुलांना मोकळे करणे नव्हे काय? अहवाल वाचून माझे मत नेमके उलटे झाले. ओकडेनचे बिंग एका कुटुंबाने फोडले. ज्यांना कोणी भेटायला येत नव्हते, त्यांच्यासाठी बोलायला कोणी नव्हते. मुलाची कसोटी त्याने आईला फाटकाच्या आत सोडले की नाही, यावर संपत नाही. तो नंतर कोणत्या वारी, किती वाजता येतो आणि काय विचारतो, यावरही ती अवलंबून आहे. आपले गायकवृंद नाताळात वृद्धाश्रमात जाऊन गीते गातात, केक वाटतात, फोटो काढतात. चांगलेच आहे. पण संध्याकाळचे जेवण किती वाजता देता, असे विचारलेले मी ऐकले नाही. मीही कधी विचारले नव्हते.

माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या एका वृद्धाश्रमात आहे. महिन्याचे पैसे तिचा मुलगा परदेशातून बँकेत भरतो. मी पहिल्या रविवारी मिस्सानंतर जातो. रविवारी ती धुतलेले पातळ नेसून, केस विंचरून व्हरांड्यात बसलेली असते. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून एका बुधवारी संध्याकाळी साडेसहाला न कळवता आत शिरलो. जेवण पाच वाजताच उरकले होते. दिवे मालवलेले होते. आत्या अंथरुणावर जागी होती आणि तिच्या उशाशी असलेल्या घंटीच्या बटणाची वायर वर खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी घाईघाईने आली आणि म्हणाली, "काका, त्या सारख्या वाजवतात, मग बाकीच्या सगळ्या जाग्या होतात." ती दुष्ट नव्हती. तिचे डोळे झोपेने जड झाले होते. मी वायर सोडून आत्याच्या हातात दिली. तिने लगेच बटण दाबले आणि मीच तिच्यासमोर उभा असल्याचे पाहून हसली.

माझ्या कथेत हे दृश्य नव्हते. असते, तर ती मुलगीच खलनायिका झाली असती आणि कथा पुन्हा फाटकाशीच थांबली असती. मी कचेरीत गेलो आणि व्यवस्थापिकाबाईंना अहवालातले तीन प्रश्न विचारले. त्या रागावल्या नाहीत. रात्रीच्या पाळीला अठ्ठावीस वृद्धांमागे एकच मुलगी असते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. दोन महिन्यांपूर्वी दुसरी सोडून गेली होती आणि विश्वस्तांना तसे पत्र दिले होते. ते पत्र त्यांनी दाखवले. उत्तर आले नव्हते. रात्रीच्या नोंदींची वही मागितली, तेव्हा आजवर कोणी नातेवाइकाने ती मागितली नव्हती, असे म्हणत त्यांनी कपाटाची किल्ली शोधली. वही होती. आत्याच्या नावापुढे बटण वर गुंडाळल्याची नोंद कोठेच नव्हती. प्रत्येक रात्रीपुढे एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईने 'ठीक' असे लिहिले होते, आणि त्याच ओळीत अखेरच्या रकान्याचे शीर्षक होते 'भेटीस आलेल्या नातेवाइकांची सूचना'. माझ्या चार वर्षांच्या रविवारांचा तो रकाना कोरा होता. मी पेन काढून त्या बुधवारची तारीख आणि वेळ घातली, वायरीबद्दल व रात्रीच्या दुसऱ्या मुलीबद्दल दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. विश्वस्तांना द्यायचे माझे पत्र मी त्याच आठवड्यात टपालाने पाठवले. त्याची पोच आली आहे.